मॉडिफाय केलेल्या डिझेल पिकअपचे चेक इंजिन कोड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कारखान्यातून निघाली तशीच गाडी असेल, तर कोडवरून दोष शोधणं त्यातल्या त्यात सरळ असतं. ट्यूनिंग बॉक्स, मोठा इनटेक, वेगळा सायलेन्सर, जादा लाइट, मोठे टायर यातलं काहीही चढवलं, की ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) डोक्यात एक गाडी असते आणि रस्त्यावर दुसरीच. काही कोड या तफावतीतून येतात, उरलेले खऱ्या बिघाडातून. कुठला कोड कशातला, ते ओळखायचं कसं हे खाली आहे.

लाइट लागली. आधी काय करू?

रंग बघा. ऑईलच्या दाबाची किंवा तापमानाची लाल लाइट असेल तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा, कोडचं नंतर बघू. पिवळी असेल आणि इंजिन नेहमीसारखं चालत असेल, तर हळूहळू घरी किंवा गॅरेजपर्यंत नेता येते. पण पूर्ण रेस देऊ नका आणि मागे ट्रेलर ओढू नका. इंजिन ठोकत असेल किंवा धुराचा लोट येत असेल तर पिवळी असली तरी थांबा.

काही डिझेल गाड्यांत ग्लो प्लगची (थंड इंजिन सुरू करायला तापणाऱ्या प्लगची) वेटोळ्याची लाइट चालत्या गाडीत लुकलुकायला लागते. लोक लगेच ग्लो प्लग बदलायला निघतात. ती लाइट इंजिनच्या कुठल्याही दोषासाठी लुकलुकू शकते, त्यामुळे स्कॅन केल्याशिवाय पाना उचलू नका.

कोडमध्ये ज्या पार्टचं नाव येतं तो बदलला की झालं ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. पी०४०१ म्हणजे ‘ईजीआरचा प्रवाह कमी’ (ईजीआर म्हणजे एक्झॉस्टचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणं). ईजीआर व्हॉल्व्ह खराब आहे असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. ईसीयूने एक आकडा अपेक्षिला, सेन्सरने दुसरा दिला, एवढीच त्याची तक्रार आहे. चूक व्हॉल्व्हची असेल, सेन्सरची असेल, मधल्या वायरची असेल, किंवा तुम्ही बसवलेल्या पाइपची.

पहिलं अक्षर विभाग सांगतं: पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, सी म्हणजे ब्रेक-सस्पेन्शनची बाजू, बी म्हणजे बॉडी, यू म्हणजे मॉड्यूलांमधलं बोलणं. पुढचा आकडा शून्य असेल तर अर्थ सगळ्या कंपन्यांत सारखा. एक असेल तर तो कंपनीचा स्वतःचा कोड, त्याचा अर्थ दुसऱ्या कंपनीच्या यादीत शोधू नका.

कोड पुसून बघू का, परत येतो का ते?

पुसा, पण सगळं लिहून घेतल्यावर. कोड, तो पक्का आहे की पेंडिंग (दिसला, पण लाइट अजून लावली नाही), आणि फ्रीझ फ्रेम. कोड लागला त्या क्षणाचे आरपीएम, लोड, तापमान, वेग ईसीयूने जपून ठेवलेले असतात, पुसलं की तेही जातात. १,५०० आरपीएमला पूर्ण लोडवर आलेला पी०२९९ (बूस्ट, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा दाब, कमी) आणि ३,२०० ला आलेला पी०२९९ यांचं निदान वेगळं निघतं. खालच्या आरपीएमला आला तर टर्बो उशिरा भरतोय, म्हणजे गळती, उघड्या अडकलेल्या व्हेन्स (टर्बोच्या हलत्या पात्या), किंवा तुम्ही बसवलेला मोठा टर्बो. वरच्या आरपीएमला आला तर तुंबलेला फिल्टर किंवा दाबाखाली फुगणारा, सुटणारा होज आधी बघा.

बऱ्याच दोषांना लाइट लावायला लागोपाठ दोन फेऱ्यांत तोच दोष दिसावा लागतो. दोष गेला तर साधारण तीन चांगल्या फेऱ्यांनंतर लाइट आपोआप विझते आणि ४० वेळा इंजिन गरम होऊन थंड झालं की कोड स्मृतीतून निघतो. म्हणून लाइट विझली म्हणजे कोड गेला असं नाही. बॅटरीची वायर काढून ‘रीसेट’ मारणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: त्यात ईसीयूने शिकलेली मापंही जाऊ शकतात, आणि ईसीयूच्या स्वतःच्या तपासणीच्या चाचण्या पुन्हा पूर्ण व्हायला बरीच गाडी चालवावी लागते.

कोड वाचायला स्वस्त ब्लूटूथ डोंगल पुरतो का?

पी०ने सुरू होणारे कोड वाचायला पुरतो. मॉडिफाय केलेल्या गाडीला मात्र लाइव्ह डेटा हवाच, विशेषतः ‘मागितलेला’ आणि ‘मिळालेला’ आकडा शेजारी शेजारी दाखवणारा: बूस्टचा, रेलच्या (सगळ्या इंजेक्टरांना डिझेल देणाऱ्या सामायिक नळीच्या) दाबाचा, हवेच्या मापाचा. एबीएस आणि गिअरबॉक्सची मॉड्यूलंही उघडणारा स्कॅनर असला तर उत्तम. आणि काम झालं की डोंगल काढून ठेवा. कायम खोचून ठेवलेला स्वस्त डोंगल बॅटरी खातो आणि कधी कधी नेटवर्कमध्ये लुडबूडही करतो.

एकदम सात-आठ कोड आलेत. गाडी संपली का?

बहुधा उलटंच. एकमेकांशी संबंध नसलेले कोड एकाच वेळी आले तर आठ पार्ट एकदम खराब झालेले नसतात. त्यांच्यात सामायिक असलेली एक गोष्ट बिघडलेली असते. जादा लाइट, विंच, कॉम्प्रेसर, दुसरी बॅटरी बसवलेल्या गाड्यांत हे सर्रास दिसतं.

सुरुवात बॅटरीपासून करा. गाडी रात्रभर उभी असेल तर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नयेत. मग अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची जोडणी. मल्टिमीटरचा एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरा इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर ठेवा आणि कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आसपास दिसलं तर ठीक, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थची पट्टी किंवा तिचा बोल्ट बघा. रंगकाम केलेल्या पत्र्यावर कसलेला अर्थ हा मी कायम संशयित नंबर एक मानतो.

नंतर पाच व्होल्ट. रेल प्रेशर, बूस्ट, पेडल असे बरेच सेन्सर ईसीयूकडून येणाऱ्या एकाच पाच व्होल्टच्या लाइनवर लटकलेले असतात. त्यातला एक शॉर्ट झाला की लाइन बसते आणि सगळे एकदम खोटं बोलायला लागतात. पी०६४१ किंवा पी०६५१ (या पाच व्होल्टच्याच लाइनचे कोड) सोबत असेल तर खात्रीच समजा. चावी ऑन करा, एखाद्या सेन्सरच्या कप्लरमध्ये पाच व्होल्ट येतात का बघा. येत नसतील तर त्या लाइनवरचे कप्लर एकेक करून काढत जा. ज्याचा कप्लर काढल्यावर पाच व्होल्ट परत आले तो सेन्सर, किंवा त्याची वायर, दोषी. सगळे काढूनही आले नाहीत तर वायरिंग कुठेतरी घासलंय. नवीन इंटरकूलर पाइपची कड, बुल बारचा ब्रॅकेट, स्नॉर्केलसाठी पाडलेलं भोक, या जागा आधी हाताने चाचपा.

यू०१०० (इंजिनच्या ईसीयूशी संपर्क तुटला) सारखे कोड असतील तर बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या, म्हणजे स्कॅनर जोडतात त्या सॉकेटच्या, ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा. बहुतेक गाड्यांत ६० ओहमच्या आसपास येतो. १२० आला तर लाइनच्या एका टोकाशी संपर्क तुटलाय, शून्याजवळ आला तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात.

एक सूचना जादा लाइटवाल्यांना: निगेटिव्ह खांबावर छोटा बॅटरी सेन्सर असेल, तर जादा सामानाची अर्थ थेट खांबावर लावू नका, चॅसीवर लावा. नाहीतर तो करंट सेन्सरला दिसतच नाही आणि चार्जिंगचं गणित चुकतं.

ट्यूनिंग बॉक्स बसवल्यापासून पी००८७ (रेलचा दाब कमी) किंवा पी००८८ (दाब जास्त) येतोय. पंप गेला का?

पंपाला हात लावायच्या आधी बॉक्स काढा आणि मूळ कप्लर जोडून गाडी चालवा. कोड गेला तर उत्तर मिळालं.

हे बॉक्स रेल प्रेशर सेन्सर आणि ईसीयूच्या मध्ये बसतात. रेलमध्ये खरा दाब जितका आहे त्यापेक्षा कमी आकडा ते ईसीयूला सांगतात. ईसीयूला वाटतं दाब पुरत नाही, तो पंपाकडून आणखी मागतो, आणि जास्त दाबाने जास्त डिझेल आत जातं. ताकद वाढते ती अशी. अडचण ही की स्कॅनरवर दिसणारा आकडाही तोच खोटा असतो. १,६०० बार दिसत असताना रेलमध्ये त्याहून बरंच जास्त असू शकतं. मर्यादा ओलांडली की रेलवरचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, दाब धाडकन पडतो आणि पी००८७, म्हणजे ‘दाब कमी’, असा कोड लागतो. दाब वाढवण्याच्या नादात कमी दाबाचा कोड, तो असा! आणि एकदा उघडलेला व्हॉल्व्ह पुन्हा घट्ट बसेलच असं नाही. म्हणून बॉक्स काढूनही कोड येत राहिला तर त्या व्हॉल्व्हच्या रिटर्न पाइपमधून डिझेल येतंय का ते बघा, यायला नको.

बॉक्स नसताना किंवा काढल्यावरही पी००८७ असेल तर क्रम असा: डिझेल फिल्टर, त्यातलं पाणी, टाकीपासून पंपापर्यंत कुठे हवा ओढली जातेय का, पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह, मग इंजेक्टरची रिटर्न गळती. शेवटच्या चाचणीत प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला सारखी बाटली लावून आयडलवर काही मिनिटं सोडायचं. एकाच बाटलीत बाकीच्यांपेक्षा खूप जास्त भरलं तर तो इंजेक्टर दाब खातोय. पिझो इंजेक्टरवर ही चाचणी अशी होत नाही, तिथे कंपनीची पद्धतच वापरा. पंप सगळ्यात शेवटी.

पाइपचं नट ढिलं करून हवा काढू का, जुन्या डिझेलसारखी?

अजिबात नाही. कॉमन रेलमध्ये आयडललाच साधारण ३०० बार असतात, पूर्ण लोडवर १,६०० ते २,००० किंवा त्याहूनही जास्त. या दाबाची बारीक चिळकांडी कातडीतून आत शिरते. बाहेरून फक्त टोचल्याची खूण दिसते, दुखतही नाही फारसं, म्हणून लोक दुर्लक्ष करतात आणि बोट गमावतात. असं झालं तर थेट रुग्णालय, आणि ‘दाबाखालचं डिझेल आत गेलंय’ हे स्पष्ट सांगायचं. गळती शोधायला हात फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा धरा. इंजिन बंद करूनही दाब उतरायला थोडा वेळ द्या. चालू इंजिनच्या इंजेक्टरचे कप्लरही ओढू नका, तिथे बारा व्होल्टच्या कितीतरी पट जास्त व्होल्टेज असतं.

मोठा इनटेक बसवला. पी०१०१ (हवेच्या मापात गडबड) येतोय आणि गाडी उलट मंद झाली. असं कसं?

हे खूप जण विचारतात, आणि यात गाडीचं काहीच चुकत नाही. एमएएफ, म्हणजे आत जाणारी हवा मोजणारा सेन्सर, सगळी हवा मोजत नाही. नळीतल्या मधल्या प्रवाहाचा वेग बघून त्या व्यासाच्या नळीतून किती हवा गेली असेल याचा हिशोब होतो. तोच सेन्सर ७० मिमीच्या नळीतून काढून ७६ मिमीच्या नळीत बसवला, तर क्षेत्रफळ जवळजवळ १८ टक्के वाढतं. तेवढीच हवा आता संथ वाहते आणि सेन्सर साधारण १५ टक्के कमी आकडा देतो. डिझेलचा ईसीयू काळा धूर होऊ नये म्हणून मोजलेल्या हवेच्या प्रमाणातच डिझेल सोडतो. हवा कमी दिसली की डिझेलही कमी. गाडी मंदावणारच.

तेल लावलेला कॉटन फिल्टर असेल तर आणखी एक शक्यता: धुतल्यावर जास्त तेल लावलं की ते उडून सेन्सरच्या तापलेल्या पापुद्र्यावर बसतं. एमएएफसाठीच मिळणारा क्लीनर फवारा, वाळू द्या, बोट किंवा कापूस लावू नका.

सेन्सर खरं बोलतोय का हे घरी तपासता येतं. समजा इंजिन २.८ लिटरचं, चार सिलिंडरचं. एका सिलिंडरचे ७०० मिली. समुद्रसपाटीला हवा लिटरला सुमारे १.२ ग्रॅम, म्हणजे एका स्ट्रोकला जास्तीत जास्त ८४० मिलिग्राम. इंजिन गरम, आयडलवर, ईजीआर बंद असताना आकडा याच्या थोडा खाली यायला हवा. ६०० दिसत असेल तर सेन्सर कमी मोजतोय, किंवा त्याच्या आणि टर्बोच्या मध्ये कुठून तरी न मोजलेली हवा आत येतेय.

आता ईजीआर. बऱ्याच इंजिनांत ईजीआरचा प्रवाह थेट मोजलाच जात नाही. व्हॉल्व्ह उघडला की ताजी हवा किती घटली, हे एमएएफवरून बघितलं जातं. त्यामुळे इनटेक बदलल्यावर पी०४०१ किंवा पी०४०२ (ईजीआरचा प्रवाह जास्त) आला तर ईजीआर व्हॉल्व्ह काढून घासत बसण्याआधी मूळ एअर बॉक्स लावून एक चक्कर मारा. ईजीआरला पत्रा मारून बंद केलेल्या गाडीत पी०४०१ येतो त्याचंही कारण हेच: व्हॉल्व्ह उघडतो, हवा घटत नाही. तिथे कोड बरोबर आहे, पत्रा चूक आहे.

पी०२९९ (बूस्ट कमी) आणि पी०२३४ (बूस्ट जास्त) यांचं काय?

आधी आकड्यांचा घोळ मिटवा. तुम्ही डॅशवर लावलेला गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो, स्कॅनर बहुधा एकूण दाब. गेजवर १.२ आणि स्कॅनरवर २.२ बार म्हणजे एकच गोष्ट. बूस्टचा सेन्सर तपासायला चावी ऑन, इंजिन बंद: समुद्रसपाटीला १ बारच्या आसपास, १,००० मीटर उंचीवर ०.९ च्या आसपास दिसायला हवा. इथेच चुकत असेल तर टर्बोला दोष देऊ नका.

पी०२९९ मध्ये दहातल्या बहुतेक वेळा होज आणि क्लॅम्प निघतात. जोडांच्या बाहेर तेलाचा ओला डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ शोधा, बूस्ट तिथून निसटतोय. सिलिकॉन होज तेलकट पाइपवर चढवला की दाबाखाली सरकतो. दोन्ही बाजू ब्रेक क्लीनरने कोरड्या करून टी-बोल्ट क्लॅम्प लावा. दिसत नसेल तर टर्बोच्या तोंडाशी बूच बसवून अर्धा बार हवा भरा आणि जोडांवर साबणाचं पाणी मारा. एक बारच्या वर जाऊ नका. व्हेन्स हलवणारा, व्हॅक्यूमवर चालणारा अ‍ॅक्च्युएटर असेल तर त्याच्या बारीक नळ्या बघा, उष्णतेने तडकतात आणि वरून चांगल्या दिसतात.

पी०२३४ मध्ये उलट: व्हेन्स काजळीने बंद स्थितीत अडकतात, किंवा वेस्टगेट (टर्बोला वळसा देऊन एक्झॉस्ट सोडणारी झडप) उघडत नाही. लिव्हर पूर्ण अंतर मोकळा फिरतो का बघा. रिमॅपनंतर (ईसीयूची फाइल बदलून ट्यूनिंग केल्यावर) लगेच आला असेल तर ट्यूनरने मागितलेला बूस्ट आणि सेन्सरची मर्यादा ताडून बघा. ३ बारपर्यंतच मोजणारा सेन्सर त्या काठावर गेला की सिग्नल पाच व्होल्टला चिकटतो, आणि पी०१०८ किंवा पी०२३८ (सेन्सरचा सिग्नल फार वर) सोबत येतात. सेन्सर नवा घालून हे सुटत नाही, फाइल बदलावी लागते. गाडी एकदम दम टाकते आणि चावी बंद-चालू केली की पुन्हा ठीक, हे बूस्टच्या तफावतीचं नेहमीचं लक्षण आहे.

रिमॅप केलाय. पी०६०१ किंवा पी०६०२ का येतो?

फाइल लिहिताना चेकसम (फाइल बरोबर आहे का हे पडताळणारा आकडा) चुकला, किंवा लिहिणं अर्धवट राहिलं. बऱ्याचदा फ्लॅश करताना बॅटरी उतरलेली असते. मूळ फाइल परत टाकायला सांगा. ती फाइल ट्यूनरकडून आधीच मागून ठेवली असेल तर बरं, आणि सर्व्हिस सेंटरला ईसीयू अपडेट करू देताना रिमॅपचं सांगायला विसरू नका, अपडेटमध्ये तो पुसला जातो.

ट्यूनिंगनंतर डीपीएफचे (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचे) कोड यायला लागले. काढून टाकू का?

सांगणारे पुष्कळ भेटतील. डीपीएफ काढणं जिथे तो सक्तीचा आहे तिथे सहसा बेकायदा असतं, आणि कोड सॉफ्टवेअरमधून गप्प केला की त्याच्यासोबत काजळीचं मूळ कारणही दिसेनासं होतं. ते कसं करायचं हे मी सांगणार नाही.

पी२४६३ म्हणजे काजळी जास्त साठली. जास्त डिझेल घालणाऱ्या ट्यूनिंगमध्ये फिल्टर लवकर भरतो हे उघड आहे. पण बूस्टची गळती, टपकणारा इंजेक्टर, अडकलेला ईजीआर हेही तेच करतात. म्हणून इतर कोड आधी सोडवा, मग रीजनरेशन, म्हणजे साठलेली काजळी जाळून फिल्टर मोकळा करणं. सक्तीचं रीजनरेशन करताना फिल्टरमध्ये ५५० ते ६५० अंश तापमान होतं. गाडी मोकळ्यावर लावा, खाली वाळलं गवत नको. त्यानंतर ऑईलची पातळी तपासा. वारंवार अर्धवट राहिलेल्या रीजनरेशनमुळे डिझेल ऑईलमध्ये उतरतं आणि पातळी वाढते. वाढलेली पातळी बघून खूश होऊ नका, ऑईल बदला.

पी२४५३ असेल तर दाबातला फरक मोजणाऱ्या सेन्सरच्या दोन रबरी नळ्या बघा. सायलेन्सरचं काम करताना त्या उलटसुलट लावल्या जातात किंवा गरम पाइपला टेकून वितळतात. इंजिन बंद असताना आकडा शून्य हवा.

पी२०ईई किंवा पी२०७एफ?

धूर स्वच्छ करायला एक्झॉस्टमध्ये सोडतात त्या युरियाच्या द्रावणाचे कोड. द्रावणात युरिया ३२.५ टक्के असायला हवा, रिफ्रॅक्टोमीटरने मिनिटात कळतं. जुनं, उन्हात ठेवलेलं किंवा पाणी मिसळलेलं असेल तर टाकी रिकामी करा. सायलेन्सर बदलताना सेन्सर वेगळ्या जागी बसवला असेल तर तोही बघा.

इंजेक्टर बदलले, पी०२६३ येतो.

तो पहिल्या सिलिंडरचा, त्याचा वाटा बाकीच्यांशी जुळत नाही असं सांगणारा. दुसऱ्याचा पी०२६६, तिसऱ्याचा पी०२६९, चौथ्याचा पी०२७२. नव्या इंजेक्टरवर कोरलेला दुरुस्ती कोड ईसीयूत भरला का ते आधी विचारा. बरेच जण भरतच नाहीत. मग दोन इंजेक्टर अदलाबदल करा (त्यांचे कोडही अदलाबदल करून). दोष इंजेक्टरसोबत सरकला तर इंजेक्टर, त्याच सिलिंडरला राहिला तर कम्प्रेशन मोजा.

मोठे टायर टाकले. एबीएसची लाइट आणि सी-कोड आलेत.

टायरच्या आकाराने एकट्याने सी-कोड क्वचित येतो. चारही सारखे नसतील, किंवा एका बाजूचे झिजलेले असतील, तर येतो. सस्पेन्शन उचललं असेल तर चाकाच्या सेन्सरची वायर चाक पूर्ण खाली लटकल्यावर ताणली जाते का, ते जॅकवर घेऊन बघा. वेगाचं म्हणाल तर २६५/७० आर१६ चा व्यास साधारण ७७७ मिमी, २८५/७५ आर१६ चा ८३४. फरक ७ टक्क्यांचा, म्हणजे काटा १०० वर असताना गाडी १०७ ने पळतेय. टायरचं माप ईसीयूत बदलता येत असेल तर बदलून घ्या.

ग्लो प्लगचा कोड आहे, पण गाडी सुरू होते. सोडून देऊ?

उष्ण हवेत सुरू होईलच. पण काही गाड्यांत ग्लो प्लगचा दोष असेपर्यंत डीपीएफचं रीजनरेशन अडवलं जातं, तेवढ्यासाठी तरी बघा. पी०६७१ पहिल्या सिलिंडरचा, पुढे क्रमाने. थंड प्लगचा रेझिस्टन्स साधारण एक-दोन ओहमच्या आत हवा. काढताना इंजिन कोमट ठेवा आणि जोर लावू नका. आत मोडला तर हेड उतरवावं लागू शकतं.

दुरुस्ती झाली हे कसं ठरवायचं?

फ्रीझ फ्रेममध्ये जी परिस्थिती होती तीच पुन्हा तयार करा: तेवढेच आरपीएम, तेवढाच लोड, इंजिन तेवढंच गरम. मग पेंडिंग कोड वाचा. गाडी नुसती आयडलवर ठेवून ‘कोड आला नाही’ म्हणणाऱ्या मेकॅनिकला पैसे देण्याआधी चक्कर मारायला बसवा.

कोड एकही नाही, पण गाडी ओढत नाही.

ईसीयूला दोष वाटावा एवढी तफावत नसते तेव्हा असं होतं. डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर बदला, मागितलेला आणि मिळालेला बूस्ट व रेलचा दाब चढावर नोंदवा, चारही चाकं उचलून हाताने फिरवा, ब्रेक धरतोय का बघा. आणि वर सांगितलेले मोठे टायर तुमच्याही गाडीला असतील तर गिअरचं एकूण प्रमाणच उंच झालंय. तिथे स्कॅनर काही दाखवणार नाही, डिफरन्शियलचा रेशो बदलावा लागेल.